गोष्टींच्या तासाला तान्ह्या बाळांना बोलवायचं का?

प्रश्न : तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. दिवाळीनंतर दर रविवारी संध्याकाळी ६ वाजता सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'गोष्टींचा तास' सुरू केला. पहिल्या रविवारी ३५ मुलं आली. खुळखुळे वाटले, मग माईकवरून गोष्ट वाचली. तान्ही बाळं रडली, दोन-दोन वर्षांची पोरं खुर्च्यांमधून पळाली, आया मोबाइलमध्ये होत्या आणि पुढे बसलेल्या चार-पाच मुलांनीच काय ती गोष्ट ऐकली. दोन पुस्तकं फाटली. चौथ्या रविवारी सहाच मुलं आली. कार्यकारी मंडळातले एक जण म्हणतात, प्रोजेक्टरवर कार्टून लावा. दुसरे म्हणतात, तान्ह्यांना काय कळतंय, तीन वर्षांपुढचीच घ्या. पेपर वाचायला येणारे ज्येष्ठ वाचकही नाराज आहेत. मी एकटी, सोबत एक शिपाई आणि खर्चाला ३,००० रुपये. चालू ठेवू की बंद करू?
— एक ग्रंथपाल, खान्देश

नमस्कार ताई,

चालू ठेवा, पण त्या एका तासाचे तीन तुकडे करा. सहा महिन्यांचं बाळ, दोन वर्षांचं पोर आणि पाच वर्षांची मुलगी यांना एका जागी, एका वेळी, एकच गोष्ट सांगणं कसलेल्या कथेकऱ्यालाही जमणारं नाही. तुमच्या पत्रातल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. राहिलेल्या अडचणी संध्याकाळच्या ६ वाजण्यामुळे, माईकमुळे आणि गोष्टीआधी हातात दिलेल्या खुळखुळ्यांमुळे आल्या आहेत. यातलं सगळंच दुरुस्त होण्यासारखं आहे.

आधी 'तान्ह्यांना काय कळतंय' या प्रश्नाचं बघू, कारण मंडळात तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागणार आहे. गोष्टीचा अर्थ बाळाला कळत नाही, हे सदस्यांचं म्हणणं बरोबर आहे. बाळाचं काम त्याच्या आधीचं असतं : भाषेतले आवाज वेगळे काढायचं. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता, कारण घरी तो कधी कानावर पडतच नव्हता. म्हणजे पहिल्या वर्षात कान घरच्या भाषेवर बसतो, आणि तो बसतो समोरासमोर बोलणाऱ्या, गाणाऱ्या माणसामुळे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १९९२ मध्ये 'बुकस्टार्ट' सुरू झालं, ते बाळांच्याच घरी पुस्तकं पोचवण्यासाठी. आज तिथल्या आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत बाळांसाठी गाणी-गोष्टींचं सत्र ही नेहमीची सेवा आहे.

आणि बाळांच्या सत्रात शिकायला येतो तो मोठा माणूस. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं तुमचा आवाज ऐकून बाळाच्या भाषेत फार फरक पडणार नाही. पण आईने, आजीने किंवा बाबाने तिथे उचललेलं एक बडबडगीत घरी तेल लावताना, भरवताना रोज म्हटलं, तर पडेल. हे एकदा मनात पक्कं झालं की सत्रात काय ठेवायचं, किती वेळ ठेवायचं, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

गट जन्मतारखेपेक्षा चालीवरून पाडा. मांडीवर बसणारी आणि रांगणारी एका गटात. पक्की चालायला लागल्यापासून तीन वर्षांपर्यंतची दुसऱ्यात. तीन ते सहा, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीच्या वयाची, तिसऱ्यात. पहिल्या गटात १० बाळं आणि प्रत्येकासोबत एक मोठं माणूस. त्यापुढे नावनोंदणी थांबवा. दुसऱ्यात १२ ते १५ मुलं, तीही पालकांसह. तिसऱ्यात २० पर्यंत, पालक मागे बसले तरी चालतील. चौथ्या रविवारी सहा मुलं आली याचं वाईट वाटून घेऊ नका. बाळांच्या गटात सहा ही चांगली संख्या आहे.

वेळ ठरवताना आधी झोप बघा. आपल्याकडे तान्ह्याला सकाळी तेल लावून, शेकून, अंघोळ घातली की ते चांगलं दोन तास झोपतं, त्यामुळे बाळांचं सत्र सकाळी ठेवलंत तर निम्मी बाळं झोपलेली येतील आणि निम्मी येणारच नाहीत. दुपारची झोप झाल्यावर साडेचार ही त्यांची वेळ. संध्याकाळचे ६ कुठल्याच गटाला मानवत नाहीत. मुलं दमलेली, भुकेलेली असतात आणि आयांना स्वयंपाकाची घाई असते. चालणाऱ्या मुलांना सकाळी १०, पोट भरलेलं आणि अंगात दम असताना. तीन ते सहाच्या मुलांना सुट्टीच्या दिवशी ११. तुम्ही एकट्याच आहात, म्हणून आठवड्यात तिन्ही सत्रं घेऊ नका. बुधवारी साडेचारला बाळं. रविवारी एका आठवड्याला दुसरा गट, पुढच्या आठवड्याला तिसरा. बाळांचं सत्र मात्र दर आठवड्याला हवं, कारण पंधरा दिवसांत बाळ गाणं विसरतं आणि आईही. सलग सहा आठवडे चालवा, मग दोन आठवडे थांबा. त्या सुट्टीत तुमच्या घशालाही विश्रांती मिळेल.

ज्येष्ठ वाचकांची नाराजी रास्त आहे. संध्याकाळी पेपर वाचायला येणं हा त्यांचा रोजचा नेम असतो. साडेचारला वाचनकक्ष बहुधा रिकामा असतो. तरी आठ दिवस आधी दारावर पाटी लावा : 'बुधवार, ४.३० ते ५.१५, बाळांच्या गोष्टी.' आवाज होणार हे आधी माहीत असलं की त्याचा त्रास कमी होतो. त्यांच्यातल्याच एखाद्या आजोबांना नातवंडासह बोलवा.

आता जागा. स्टीलच्या खुर्च्या भिंतीला रचून ठेवण्यापेक्षा खोलीबाहेर काढा. रचलेल्या खुर्च्यांवर दीड वर्षाचं मूल चढतंच. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी तीन-चार खुर्च्या कडेला असू द्या, नाहीतर जमिनीवर बसायच्या धास्तीने ते येणारच नाहीत. खाली सतरंजी, आणि बाळांच्या दिवशी प्रत्येकीने घरून दुपटं आणायचं. तुमची पाठ कोऱ्या भिंतीकडे हवी. मागे खिडकी असेल तर उजेड मुलांच्या डोळ्यांवर येतो आणि पुस्तकाचं पान काळं दिसतं. दार मुलांच्या पाठीमागे ठेवा, म्हणजे उशिरा येणाऱ्याकडे सगळ्यांच्या माना वळणार नाहीत. जमिनीलगतचे वीजबोर्ड झाका. कपाटाच्या आडोशाला पडदा लावून दूध पाजायला एक खुर्ची ठेवा आणि ती आहे हे नावनोंदणीच्या वेळीच सांगा. खेळण्यांची टोपली झाकून ठेवा. ती उघडी दिसली की गोष्ट संपली.

माईक नको. भोंग्यातून येणारा आवाज बाळाला कुठून येतोय ते कळत नाही, बोलणाऱ्याच्या ओठांशी त्याचा संबंध लागत नाही. माईक लागतोय असं वाटलं तर गट मोठा झालाय असं समजा.

बाळांचं सत्र एकूण ४० मिनिटांचं धरा : २० मिनिटं गाणी आणि पुस्तक, पुढची २० मिनिटं मोकळी. सुरुवातीला अर्धा मिनिट पालकांशी बोला आणि त्यांना तीन गोष्टी सांगा : बाळ रडलं तर व्हरांड्यात फिरवून आणा आणि परत या, त्यात कुणाला त्रास नाही. फोटो शेवटच्या पाच मिनिटांत. गाणं सगळ्यांनी म्हणायचं, सूर लागला नाही तरी. एवढं पुरे. आया मोबाइलमध्ये होत्या, कारण त्यांना तिथे काही काम नव्हतं. हात गुंतले की मोबाइल आपोआप खाली जातो.

मग नावांचं गाणं. कोणतीही सोपी चाल घ्या आणि प्रत्येक बाळासाठी एकदा म्हणा :

कोण आलं, कोण आलं, वाचनालयात कोण आलं?
आर्या आली, आर्या आली, टाळ्या वाजवू आर्याला!

दहा बाळांची नावं घ्यायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात अनोळखी बायकांना एकमेकींच्या बाळांची नावं पाठ होतात. हे गाणं सहाही आठवडे तेच ठेवा. त्यानंतर बोटांचा खेळ : तळहातावर बोट टेकवत मोराला दाणा खायला, पाणी प्यायला बोलवायचं आणि शेवटी भुर्रकन उडवायचं, हा आपल्याकडच्या प्रत्येक आजीला येतो. तो घरोघरी वेगवेगळ्या शब्दांत म्हणतात, म्हणून पहिल्या आठवड्यात एखाद्या आजीलाच म्हणायला लावा आणि तिचा पाठ सगळ्यांनी घ्या. अहिराणीत म्हणणारी असेल तर फारच छान. घरात अहिराणी, पावरी किंवा गोरमाटी बोलत असतील तर बाळाशी त्याच भाषेत बोलावं, हे ग्रंथपालाने मोठ्याने सांगण्याची गरज आहे. मूल 'शुद्ध' बोलावं म्हणून पुष्कळ घरांत मुलांशी आपली भाषा बोलायचं थांबवतात आणि मग बोलणंच कमी होतं.

गाणं तीनदा म्हणा. पहिल्यांदा बाळ नुसतं बघतं, दुसऱ्यांदा ओळखतं, तिसऱ्यांदा शेवटच्या शब्दाआधीच हसतं. आणि सावकाश म्हणा. नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक वेगाची असते. एका ओळीनंतर एक पूर्ण श्वास घ्यायचा, एवढं ठरवलं तरी वेग आपोआप निम्मा होतो.

मांडीवर झुलवायच्या गाण्याला एक पथ्य. मान धरलेली नसेल त्या बाळाला उडवायचं नाही, फक्त छातीशी धरून डोलायचं. मान साधारण चार महिन्यांपर्यंत धरली जाते. म्हणून १४ आठवड्यांच्या लशी झालेल्या बाळापासून पुढे बोलवा. बाळं शोधायची कुठे, हाही प्रश्न त्यातच सुटतो : लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात तुमची पाटी लावा आणि आशाताईंना सांगून ठेवा. नवव्या महिन्याच्या डोसाला येणारी बाळं या सत्रासाठी अगदी योग्य वयाची असतात.

पुस्तक एकच, तीन मिनिटांचं. पानावर एक मोठं चित्र, आजूबाजूला रिकामी जागा. तुम्ही वाचताना प्रत्येक पालकाच्या हातातही एकेक जाड पानांचं पुस्तक हवं. वेगवेगळी असली तरी चालतील. तुमचं वाचून झालं की दोन मिनिटं त्यांनी आपापल्या बाळाला आपापलं पुस्तक दाखवायचं. बाळ पुस्तक तोंडात घालेल, उलटं धरेल, चार पानं एकदम उलटेल. या वयाचं वाचन असंच असतं, हे पालकांना स्पष्ट सांगा, नाहीतर ते सारखं पुस्तक काढून घेत बसतात.

नंतर ओढणीचा खेळ. जुन्या पातळ सुती ओढण्यांचे हातरुमालाच्या दुप्पट, साधारण ५० सेंटिमीटरचे चौकोन कापून कडा दुमडून शिवून घ्या. टिकली, मणी, जर काही नको. बाळाच्या डोक्यावर टाकून 'कुठं गेलं बाळ?' करायचं, स्वतःच्या डोक्यावर घेऊन करायचं, वर उडवून खाली येताना बघायचं. शेवटी निरोपाचं गाणं, तेही ठरलेलं. मोकळ्या वीस मिनिटांत तुम्ही काहीच शिकवायचं नाही. आया एकमेकींशी बोलतात, बाळं एकमेकांकडे रांगतात आणि तुम्ही पुस्तकांची नोंद करता.

खुळखुळ्यांबद्दल सावध राहा. बाटलीत तांदूळ-डाळ भरून केलेले खुळखुळे झाकण निघालं की धोक्याचे. झाकण डिंकाने चिकटवून वरून टेप गुंडाळा आणि प्रत्येक सत्राआधी एकेक ओढून तपासा. सुट्टी घुंगरं, बटणं, ४ सेंटिमीटरपेक्षा लहान कुठलीही वस्तू खोलीत नको. फुगे अजिबात नकोत; फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वासनलिकेवर चिकटून बसतो आणि निघत नाही. खाऊही वाटू नका. शेंगदाणे, फुटाणे, लाह्या चार वर्षांखालच्या मुलांना घशात अडकतात, आणि खाऊ वाटायची प्रथा पडली की मुलं गोष्टीभर खाऊकडेच बघत बसतात.

चालणाऱ्या मुलांचा गट सगळ्यात अवघड, आणि नीट जमला तर सगळ्यात आनंदाचा. वेळ २५ मिनिटं, त्याहून जास्त नको. बसणं आणि हलणं आलटून-पालटून : गाणं, पुस्तक, उड्या, पुस्तक, ओढणी, निरोप. दोन पुस्तकं पुरतात, पानाला एक-दोन ओळींची. तिसरं हाताशी ठेवा, ते वाचायची वेळ बहुधा येत नाही.

दोन वर्षांचं मूल फिरत फिरत ऐकतं. ते खिडकीपाशी गेलं म्हणून गोष्ट थांबवू नका आणि पालकांनाही ओढून आणू देऊ नका. घरी गेल्यावर तेच मूल तुमची ओळ म्हणून दाखवतं. अडचण होते ती पुस्तकाला नाक लावून उभं राहणाऱ्या मुलामुळे, कारण मागच्यांना काही दिसत नाही. त्याला 'बस' म्हणून उपयोग होत नाही. 'पान उलटायला ये' म्हणून तुमच्या बाजूला, पुस्तकाच्या मागे घ्या. सतरंजीवर रंगीत टेपचे ठिपके चिकटवून ठेवले तर तुमच्यात आणि पहिल्या रांगेत हातभर अंतर राहतं.

हातात वस्तू द्यायची असेल तर सगळ्यांना सारखी, एकाच रंगाची, आणि मुलांच्या संख्येपेक्षा दोन जास्त. या वयाला वाटून घेणं जमत नाही; लाल-पिवळं आणलंत तर रडारड ठरलेली. वस्तू वाटायचं एक गाणं आणि परत पिशवीत टाकायचं एक गाणं ठेवा. वस्तू पिशवीत गेल्याशिवाय पुढचं पुस्तक उघडायचं नाही. पहिल्या रविवारी तुम्ही आधी खुळखुळे दिले आणि मग गोष्ट वाचली. ३५ खुळखुळ्यांपुढे कुणाचाही आवाज पोचला नसता.

सहा आठवड्यांचा आराखडा एकदाच बनवा आणि दर वेळी त्यातल्या एक-दोनच गोष्टी बदला. आपल्याला तेच तेच वाटतं, मुलांना ओळखीचं वाटतं. चिऊकाऊची गोष्ट सलग तीन सत्रांत सांगितली तर तिसऱ्या सत्रात दार ठोठवायचं काम मुलंच करतात. दार उशिरा का उघडतं याची कारणं या वयाला दोनच ठेवा, आणि तव्यावर चटका बसायचा शेवट असेल तर तो गाळून चिऊने कावळ्याला घरात घेतलं की थांबा.

तीन ते सहाच्या मुलांना खरी गोष्ट पेलते. ४० मिनिटांत दोन पुस्तकं, एक तोंडी गोष्ट आणि शेवटी कागद-खडू. पुस्तक आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचून ठेवा आणि घड्याळ लावा. सात मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर ते पुस्तक या सत्राचं नव्हे.

पुस्तक धरायचं कसं, हे थोडं सविस्तर सांगते. उघडं पुस्तक खालून, मधोमध, एका हाताने धरा; अंगठा आत, चार बोटं बाहेर. ते तुमच्या खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असू द्या. छातीसमोर धरलंत तर तुम्हाला मान वाकवून वाचावं लागतं आणि आवाज जमिनीवर पडतो. दुसऱ्या हाताने पुढच्या पानाचा वरचा कोपरा आधीच सोडवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी दोन पानं चिकटून येत नाहीत. पान उलटलं की लगेच वाचू नका. मनात तीन मोजा. तेवढ्यात मुलांची नजर चित्रावर फिरते, कुणीतरी 'मांजर!' म्हणतं, आणि मग वाक्य ऐकायला कान मोकळे होतात. लांब बसलेल्यांसाठी पुस्तक डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा, फिरवताना बोलू नका. कडेची मुलं अडीच-तीन मीटरपेक्षा लांब असतील तर अर्धवर्तुळाच्या दोन रांगा करा.

गोष्टीच्या मधे 'हे काय आहे? ते काय आहे?' असे प्रश्न विचारू नका. ती तोंडी परीक्षा होते आणि हुशार दोन मुलंच उत्तरं देतात. पहिल्या वाचनात एकच जागा निवडा आणि विचारा, 'आता काय होईल?' येईल ते उत्तर घ्या, चूक-बरोबर न म्हणता पान उलटा.

तोंडी गोष्टीला भोपळ्यातल्या म्हातारीसारखी गोष्ट घ्या, जिच्यात एकच ओळ पुन:पुन्हा येते. गोष्ट सुरू करायच्या आधीच 'टुणूक टुणूक' मुलांकडून म्हणवून घ्या, गुडघ्यांवर थाप देत. तीन वर्षांच्यांना वाटेत दोन प्राणी पुरे, पाच वर्षांच्यांना चार चालतात. वाघ भेटतो तिथे आवाज चढवायचा मोह होतो. उलट खाली आणा. मोठ्या डरकाळीने लहानगी रडतात, कुजबुजीने सगळी पुढे सरकतात. गोष्ट संपली की 'भो-प-ळा' तीन टाळ्यांत, 'वाघ' एका टाळीत, 'म्हा-ता-री' तीन टाळ्यांत वाजवा. शब्दाचे तुकडे कानाने पाडता येणं हे पुढच्या वाचनाचं थेट पायाभरणीचं काम आहे. पालक विचारतीलच, 'एबीसीडी शिकवणार का?' त्यांना या टाळ्या दाखवा.

चित्रांसाठी खादी फलक करा. ६० बाय ७५ सेंटिमीटरच्या प्लायवूडवर लव असलेलं फ्लॅनेल किंवा जाड खादी ताणून लावा आणि कापलेल्या चित्रांच्या मागे काचकागदाचे (सँडपेपरचे) तुकडे चिकटवा. चित्रं गळून पडतात याची कारणं दोन : कापड सैल असतं किंवा फलक सरळ उभा असतो. तो थोडा मागे कलता ठेवा.

प्रोजेक्टरच्या सूचनेला विनयाने नाही म्हणा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये, अधूनमधून कुटुंबीयांशी व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कुणीतरी सोबत बसून. तो तास घरी केव्हाच संपलेला असतो. मंडळासमोर ही सूचना छापून ठेवा, वाद होणार नाही.

तीन हजारांचं काय करायचं? निम्मे पुस्तकांना द्या. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य यांच्याकडे लहानांची चित्रपुस्तकं मिळतात. पाचशे रुपये छपाईला ठेवा : प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत उतरवून घेता येतात, आणि खुल्या परवान्यामुळे त्या छापून वापरायला मुभा आहे. गटासाठी ए-थ्री आकारात छापा. मराठीत जाड पुठ्ठ्याची बाळपुस्तकं फार कमी आहेत आणि महागही पडतात, म्हणून ती स्वतः करा. वाटी, कंगवा, कुत्रा, बकरी, सायकल, आजीचा चेहरा असे आठ फोटो १५ सेंटिमीटरच्या चौकोनात छापून लॅमिनेट करा, कोपरे गोल कापा (लॅमिनेशनचा टोकदार कोपरा डोळ्याला लागतो), दोन भोकं पाडून जाड दोऱ्याने बांधा, गाठ मागे. गावातल्याच वस्तूंचे फोटो असले की बाळं लगेच बोट दाखवतात. राहिलेल्या पैशांत ओढण्या शिवणं, फलक आणि एक झाकणाची पेटी होईल.

फाटण्याचा प्रश्न दोन संच केले की मिटतो. एक तुमच्या हातात वाचायचा, एक बाळांनी चावायचा. चावायचा संच देणगीतून उभा करा, म्हणजे पान गेलं की हिशेबाची धास्ती राहत नाही. लॅमिनेट केलेली पुस्तकं प्रत्येक सत्रानंतर साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून वाळवा. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, वर्षभरात ती पिवळी पडून पान कडक होतं. बांधणीची कापडी किंवा कागदी पट्टी वापरा. दंड मात्र घेऊ नका. सहा वर्षांखालच्या मुलाच्या पुस्तकाचा दंड भरलेली आई पुन्हा पुस्तक घरी नेत नाही.

आणि पुस्तक घरी गेलंच पाहिजे. सत्र संपल्यावर तिथेच एक पुस्तक देण्याची सोय करा. अनामत मंडळाकडून माफ करून घेता आली तर उत्तम, नाहीतर आईच्या सभासदत्वावर द्या. एका वहीत तीन रकाने आखा : मुलं किती, मोठी माणसं किती, पुस्तकं किती गेली. मंडळाला दाखवायला तिसरा रकाना सगळ्यात उपयोगी पडतो. सहा आठवड्यांनी हजेरीपेक्षा तो वाढलेला दिसेल. मुलांचे फोटो वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी प्रत्येक पालकाला विचारा, नोंदणीच्या कागदावरच हो-नाही लिहून घ्या.

सोबत येणाऱ्या मोठ्या भावंडांना बाहेर बसवू नका. आठ-नऊ वर्षांची ताई ओढण्या वाटायला आणि पिशवी धरायला फार मनापासून मदत करते. शिपाईदादांना दाराशी चपला लावण्याचं आणि खोलीबाहेर पळणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम द्या, कारण गाताना तुम्हाला दाराकडे बघता येणार नाही.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा अंगणवाडीत जा. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण मुलांच्या अंगणात नेलं, तेव्हा आधी गाणी आणि गोष्टीच नेल्या होत्या असं म्हणण्याइतकं त्यांच्या कामात गाण्या-गोष्टींना मोठं स्थान होतं. खादी फलक आणि दोन पुस्तकं पिशवीत मावतात. सेविकाताईंना आधी भेटून पोषण आहाराच्या आधीची वेळ घ्या; जेवणानंतर मुलं पेंगतात.

सुरुवात बाळांच्या गटापासून करा, कारण त्यात मुलं कमी, पळापळ नाही आणि तुमचा आवाज तयार व्हायला वेळ मिळतो. येत्या लसीकरणाच्या दिवशी पाटी लावा, दहा नावं घ्या आणि त्यापुढच्या बुधवारी साडेचारला सतरंजी घाला. दहातली सहा आली तरी नावांचं गाणं पूर्ण म्हणा.